शुक्रवारची बॅटरी

आमच्या शिलाई मशीनच्या टेबलाखाली एका मेलेल्या ड्रिल मशीनची मूठ बसवलेली आहे. ड्रिलची मोटर गेली, पुढचा जबडा गेला, बोटाने दाबायचा घोडाही गेला. उरली आहे ती फक्त मुठीच्या तळाची खाच. तिच्यात बॅटरी सरकवली की टक् असा आवाज होतो. शुक्रवारी सकाळी तो आवाज ऐकला की आई न सांगता डबा भरायला घेते, कारण त्याचा अर्थ आप्पांनी मशीन तपासून पाहिली आणि आता ते मोलगीला निघणार.

आप्पा म्हणजे माझे वडील. तळोद्यात आमचं घर आहे, पण दुकान कधीच नव्हतं. त्यांचं दुकान म्हणजे मोलगीचा शुक्रवारचा बाजार. जीपच्या टपावर मशीन बांधायची, घाट चढायचा, बाजारात आपल्या ठरलेल्या जागी ती उतरवायची आणि उन्हं कलेपर्यंत शिवत राहायचं. डोंगरातल्या बायका कापड घेऊन यायच्या आणि समोर बसून घागरा शिवून घ्यायच्या. कुणाच्या पोराच्या गणवेशाची चेन गेलेली, कुणाच्या पोत्याची शिवण उसवलेली. बाकीचे दिवस ते घरी बाजारातून आणलेलं काम पुरं करायचे. आप्पांना त्या बायकांची बोली चांगली येते. घरी आम्ही अहिराणी बोलतो, शाळेत मी मराठी शिकले आणि आप्पांच्या तोंडी तिसरी भाषा ऐकत मोठी झाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. ती पदवी त्या मशीनच्या पायट्यावर उभी आहे, हे मला कुणी सांगावं लागत नाही. आप्पांच्या दोन्ही पायांची लय ऐकत मी पाठ केलेलं मला अजूनही पाठ आहे.

भौतिकशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले आणि नंदुरबारला एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. आमच्या एका आत्याला हे कधी पटलं नाही. "मास्तरीन नही, नर्स नही. मंग इतलं शिकीसन व्हयनी काय?" असं ती दर लग्नात चारचौघींसमोर विचारायची. मी हसून वेळ मारून न्यायचे.

एका पावसाळ्यात घाटातल्या वळणावर आप्पा जीपच्या मागच्या पायरीवरून पडले. आत जागा नव्हती म्हणून पायरीवर उभे होते. तिथे उभं राहण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आप्पांनाही वाटलं नव्हतं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन चालता येईल, डॉक्टर म्हणाले, पण मशीनचा पायटा मारणं विसरा.

घरी येऊन आप्पांनी ते विसरायचा प्रयत्न केला. कुणाकडून तरी हातमशीनचं चाक आणून लावलं. पण एक हात चाक फिरवण्यात गेला की कापडाला एकच हात उरतो आणि डोंगरातल्या घागऱ्याला घेर मोठा, चुण्या दाट. त्या दोन्ही हातांनी सारख्या करत सुईखाली सरकवाव्या लागतात. एका हाताने शिवलेला पहिला घागरा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि शांतपणे सगळा उसवला. आई म्हणाली, घरी विजेवरची मोटर लावू, इथेच शिवा.

"गिऱ्हाईक मोलगीले शे," आप्पा म्हणाले. "मी आठे बसीसन कोनं माप लेऊ? भिंतनं?"

ते खरंच होतं. मोलगीत त्यांच्या जागेवर विजेची सोय नव्हती. आणि बाजारातल्या जागेचा एक अलिखित नियम असतो. माणूस बरेच बाजार दिसला नाही की त्याची जागा बाजूचे दोघे सरकून भरून टाकतात. शेजारी बसणारी बांगड्यावाली आप्पांच्या जागेवर रिकामं पोतं अंथरून ठेवते, असा निरोप यायचा. पण पोतं किती दिवस जागा धरणार? कपाटात एका बाईचं कापड होतं, पडण्याच्या आधी घेतलेलं. तिला होळीसाठी घागरा हवा होता. सातपुड्यात होळीइतका मोठा सण नाही. नवा घागरा होळीला अंगावर चढला नाही तर वर्षभर चढला काय आणि न चढला काय. आप्पा अधूनमधून ते कापड काढायचे, उन्हात धरायचे आणि परत घडी करून ठेवायचे. ते पुन्हा मोलगीला बसतील की नाही, एवढा एकच प्रश्न त्या दिवसांत आमच्या घरात होता आणि तो कुणी उघडपणे विचारत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं फर्निचरचं दुकान आहे. चाचांचे वडीलही सुतार होते आणि आमचं घर त्यांच्याच चौकटी-दारांवर उभं आहे. एका रविवारी मी घरी आले होते, तेव्हा चाचा आमच्या स्वयंपाकघराचं सैल झालेलं दार नीट करायला आले. त्यांच्या हातात वायर नसलेलं ड्रिल होतं. त्यांनी बिजागरी बसवली, ड्रिल उलटं करून बॅटरी काढली आणि दुसरी लावली. टक्. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट मी वाचले आणि एकदम आप्पांच्या मशीनकडे पाहिलं.

"चाचा, ही बॅटरी दुसरं काही चालवेल का?"

"चलाएगी क्यों नहीं," ते म्हणाले. "उसको क्या मालूम आगे ड्रिल है या पंखा."

मग मी त्यांना विचार सांगितला. शिलाई मशीनला लागणारी छोटी मोटर बारा व्होल्टचीही मिळते. पायाने जरासं दाबलं की चालणारा पेडल मिळतो. आप्पांचा डावा पाय ठणठणीत आहे. जीपच्या टपावर जाणारी गाडीची बॅटरी म्हणजे धोंडा, आणि तिचं आम्ल सांडलं तर बाजूचं धान्य, कापड सगळं जाणार. ही बॅटरी मात्र पिशवीत मावते.

चाचांनी थोडा विचार केला. "मास्टर," ते आप्पांना म्हणाले, कारण शिंप्याला ते मास्टरच म्हणतात, "जुम्मे को मेरी दुकान बंद. दोनों बॅटरी दिनभर खूँटी पे लटकी रहती हैं. तुम्हारे साथ पहाड घूम के आएँगी तो इनको भी हवा लगेगी."

आप्पा काठी टेकत उठले आणि मशीनवरचं फडकं काढलं.

चाचांच्या दुकानात एक जळालेलं ड्रिल पडून होतं. त्यांनी करवतीने त्याची मूठ कापली, आतल्या तारा, पट्ट्या सगळं उपटून फेकलं आणि बॅटरी जिथे बसते ती खाच मशीनच्या टेबलाखाली स्क्रूने ठोकून बसवली. मोटर मी नंदुरबारहून आणली होती. उत्साहाच्या भरात आम्ही बॅटरी थेट मोटरला जोडली. आप्पांनी पेडलवर पाय ठेवला मात्र, मशीन अशी सुटली की कापडाचा गोळा झाला, सुई मोडली आणि आप्पांनी दोन्ही हात वर केले.

"माय, हाई मशीन शे का वरातनी घोडी?"

आई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. बॅटरी अठरा-वीस व्होल्टची आणि मोटर बाराची, तेव्हा मधे व्होल्टेज उतरवणारी एक छोटी पट्टी लागते. पुढच्या रविवारी मी ती घेऊन आले. तिचा स्क्रू फिरवत, मीटरवर बरोबर बारा आणले, तेव्हा माझ्या मनात आत्याचा प्रश्न आला. मी प्रयोगशाळेत मुलांना हेच मांडून देत असे, पण आमच्या घरातल्या कुठल्या वस्तूला त्या विद्येचा हात लागला तो पहिल्यांदाच. सुईजवळ मी एक बारीक दिवाही लावला, त्याच बॅटरीवर चालणारा. आप्पांनी चुण्या घालायला सुरुवात केली. दोन्ही हात कापडावर. डावा पाय जरासा दाबला की मशीन चालायची, उचलला की थांबायची. एक हातभर शिवण झाल्यावर त्यांनी कापड उलटं करून टाका पाहिला, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बरा शे."

आप्पांकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

पहिल्या शुक्रवारी ते गेले, या वेळी जीपमध्ये आत बसून. दोन बॅटऱ्या त्यांनी पिशवीत घातल्या होत्या. ती पिशवी त्यांनीच शिवली, घागऱ्यांच्या उरलेल्या तुकड्यांची, दोन कप्पे असलेली. संध्याकाळी परत आले ते बाजाराच्या धुळीने माखलेले आणि बोलके होऊन. कोण काय म्हणालं, बांगड्यावालीने पोतं कसं झटकून उचललं, बिनपायट्याची मशीन बघायला कशी गर्दी जमली. पहिली बॅटरी दुपारनंतर संपत आली, तेव्हा मशीन हळू पडली. आप्पांनी काय करावं? हाताने चाकाला रेटा देत देत ते तिला चालवत राहिले. मशीन पुरती थांबल्यावरही सुईजवळचा दिवा मिणमिणत होता, म्हणून बॅटरी तशीच राहू दिली, त्या उजेडात काजं केली आणि मगच दुसरी लावली. "आखरीपर्यंत कामात उनी," ते अभिमानाने म्हणाले.

यात त्यांचं काही नवं नव्हतं. आप्पा रिळातला दोरा शेवटच्या वितीपर्यंत वापरतात. खडूचा तुकडा नखाएवढा झाला तरी त्याने खुणा करतात. उष्टं टाकलेलं ताट त्यांना बघवत नाही. दिलेली वस्तू पुरती वापरणं म्हणजे देणाऱ्याचा मान राखणं, असं ते मानतात.

आणि आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. वाटीतून साखर आणली तर वाटीत काहीतरी घालूनच ती परत जाते. म्हणून आप्पांनी मोलगीच्या बाजारातून आमचूर घेतला होता. तिथल्या उन्हात वाळवलेल्या कैरीच्या फोडी. पिशवीच्या एका कप्प्यात बॅटऱ्या आणि दुसऱ्यात आमचूर भरून ते स्वतः काठी टेकत चाचांच्या घरी देऊन आले.

शनिवारी सकाळी चाचा आले तेव्हा मी घरीच होते. त्यांनी पहिली बॅटरी ओट्यावर ठेवली. तिच्यावरचं बटण दाबलं की चार्ज दाखवणारे चार दिवे लागतात. एकही लागला नाही. बरोबर आणलेला चार्जर तर तिला घ्यायलाच तयार नव्हता. नुसता लाल दिवा उघडझाप करत होता.

"आमचूर भर के लाए मास्टर," चाचा म्हणाले, "और बिजली पूरी चाट के."

ते चिडले नव्हते, पण आप्पांचा चेहरा उतरला. मी बॅटरी हातात घेतली. काय झालं ते मला तेव्हा समजलं. अशी बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की तिच्या आतल्या सेलना कायमची इजा होते. मग ती बळजबरीने भरणंही धोक्याचं.

"पर ड्रिल में तो कभी मरी नहीं," चाचा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळाला हात लावला. "कमजोर पडती थी तो ड्रिल खुद रुक जाती थी. मैं समझता था, बॅटरी को अकल है. अकल ड्रिल में थी बेटा, और वो मैंने आरी से काट के फेंक दी."

मी म्हटलं, नवी बॅटरी मी आणते. चाचा म्हणाले, ते नंतर बघू, अजून एक आहे ना. पण आप्पांनी मशीनवर फडकं टाकलं.

"लोकेस्नी चीज मारी टाकी मी," ते आईला म्हणाले. "आते नही जानं मोलगीले."

त्या आठवड्यात घरात कुणाचाच जीव लागला नाही. मला नंदुरबारला परत जावं लागलं. मी रोज फोन करायचे आणि आई रोज तेच सांगायची, फडकं निघालेलं नाही. होळी जवळ आली होती. कपाटातलं कापड तसंच होतं. मी एक छोटा मीटर आणि नवी बॅटरी घेऊन गुरुवारी दुपारीच रजा काढून घरी आले. मीटर म्हणजे काड्यापेटीपेक्षाही लहान, लाल आकडे दाखवणारा. तो मशीनच्या बाजूला बसवून मी आप्पांना समजावू लागले. भरलेली असताना वीसच्या आसपास दिसेल. उतरत उतरत सोळा झाले की थांबायचं. बॅटरी लगेच काढून ठेवायची, दिव्यासाठीसुद्धा ठेवायची नाही.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोळा दिखी ऱ्हायना म्हनजे तिनामा शे ना अजून? मंग टाकी देवानं?"

यावर मी सेल, व्होल्ट असं काहीबाही बोलत होते. त्यांना ते पटत नव्हतं. अजून शिल्लक असताना थांबायचं, हे त्यांच्या सगळ्या स्वभावाच्या विरुद्ध होतं. आई चुलीपाशी पीठ मळत होती. ती तिथूनच म्हणाली, "पीठना डबा कधी खडखडीत करतस का आपन? मूठभर ऱ्हाऊ देतस ना तळले. त्यानावरच नवं टाकतस. तशीच शे हाई."

आप्पा तिच्याकडे वळले. आमच्या घरात डब्याचा तळ कधी दिसू देत नाहीत. अगदी ओढाताणीच्या दिवसांतही आईने तळाशी एक मूठ ठेवलेली मी पाहिली आहे. ताट पुसून खायचं आणि डबा मात्र पुसायचा नाही, हे दोन्ही नियम आप्पा जन्मभर पाळत आले होते. बॅटरी त्यांनी ताटाच्या हिशेबाने वापरली होती, एवढंच.

"मंग असं सांग ना," ते मला म्हणाले, जणू मीच उगाच लांबण लावली होती.

तेवढ्यात चाचा आले, उरलेली बॅटरी घेऊन. मी नवी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती परत त्यांच्या हातात दिली. दोघे असं थोडा वेळ करत राहिले. शेवटी आप्पा म्हणाले की एक दिवसाच्या कामासाठी चीज घरात सहा दिवस निजून राहणं बरं नाही. बॅटऱ्या चाचांच्या दुकानातच राहतील, तिथेच भरतील, कामाला येतील. गुरुवारी संध्याकाळी त्या आमच्याकडे येतील, शनिवारी सकाळी परत जातील.

"मतलब बहू बन के जुम्मे को मायके आएँगी," चाचा म्हणाले, आणि आप्पांनी फडकं काढलं.

दुसऱ्या दिवशी मीही मोलगीला गेले. मोटर काही बिघडली तर, असं कारण मी सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं. होळीआधीचा बाजार, त्यामुळे डोंगराच्या प्रत्येक पायवाटेवरून माणसं उतरत होती. घागऱ्याची ती बाई आमच्या आधीच येऊन बसली होती. कापड आप्पांनी रात्रीच बेतून ठेवलेलं होतं, पण घेराचं माप त्यांनी तिथे पुन्हा घेतलं. मधल्या काळात ती थोडी वाळली होती, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं.

पण तिला वाट पाहावी लागली. फाटलेले सदरे आणि शाळेचे गणवेश घेऊन लोक येत होते आणि आप्पा कुणाला नाही म्हणत नव्हते. एक बॅटरी सोळावर आली तशी त्यांनी काढून पिशवीत ठेवली. दुसरी लावली. टक्. मग घागरा घेतला. मी बाजूला बसून लाल आकड्यांकडे बघत होते. चुण्या पडत गेल्या, घेर फिरत गेला. खालच्या किनारीची शिवण निम्म्यावर आली आणि आकडा सोळा झाला.

आप्पांनी पाय उचलला.

तोवर मशीन जोरातच चालत होती. हळूसुद्धा पडली नव्हती. ती बाई समोर, तिच्या परतीची जीप भरत आलेली, किनार फार तर दोन हात उरलेली. आणखी थोडं चालवलं असतं तर बहुधा काही बिघडलं नसतं, हे मला माहीत होतं, आणि ते मी बोलूनही दाखवणार होते. आप्पांनी खाली वाकून बॅटरी ओढून काढली, पिशवीत ठेवली आणि कॉलरला खोवलेली सुई हातात घेतली.

ती बाई त्यांच्याशी काही बोलली, आजूबाजूच्या बायका हसल्या. मी आप्पांना विचारलं, काय म्हणाली?

"म्हनस, तुन्हा बैल तर अजून पळी ऱ्हायना. जू कसाले काढं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, उद्या दुसराना वावरमा जावानं शे त्याले."

मी किनारीचं एक टोक धरलं आणि ते हाताने टाके घालत गेले, लहान, सारखे, मशीनच्या टाक्यांशी जुळणारे. जीपवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. बाईने नुसता हात केला आणि बसून राहिली. घागरा हातात आल्यावर तिने हाताचे टाके कुठून सुरू होतात ते बोट फिरवून पाहिलं. तिला सापडलं नसावं, कारण ती आप्पांकडे बघून हसली आणि घागरा छातीशी धरून जीपकडे पळाली.

पुढे मी एक अशी पट्टी आणून बसवली, जी सोळाच्या खाली उतरताच वीज आपोआप तोडते. ड्रिलमधली कापून फेकलेली अक्कल आम्ही परत आणली, असं चाचा म्हणतात. पण त्या पट्टीला अजून एकदाही काम पडलेलं नाही. आप्पांचा पाय तिच्या आधीच उचलला जातो.

होळीआधीच्या त्या बाजारानंतर, शनिवारी सकाळी मी पिशवी चाचांना द्यायला गेले. एका कप्प्यात आमचूर होता. चाचांनी बॅटरी काढून बटण दाबलं. चारांतला एक दिवा लागला. चार्जर भिंतीवर तयार होता, पण त्यांनी ती आधी ड्रिलला लावली, ड्रिल शेजारी उभ्या असलेल्या अर्धवट कपाटाला टेकवलं आणि तळाशी राखलेल्या त्या मूठभर विजेवर दिवसाचा पहिला स्क्रू बसवला.